वाफसा नसलेली पाणंद : पहिल्या ऑफ-रोड फेरीचं एक प्रकरण

ऑक्टोबरचा दुसरा रविवार. पाटोदा तालुक्यातल्या एका पाणंदीत, म्हणजे शेतांमधल्या मातीच्या वाटेत, दुपारी पावणेपाचला आमची महिंद्रा थार पोटावर बसली, ती रात्री सव्वाआठला निघाली. पाणंद सव्वा किलोमीटरची. त्यातले आम्ही कापले सव्वाशे फूट. गाडीला फोर बाय फोर होतं, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना, मागच्या ॲक्सलला लॉकिंग डिफरन्शियल होतं, म्हणजे गरज पडली की मागची दोन्ही चाकं एकत्र जुंपणारं, मागे मदतीला दुसरी फोर बाय फोर होती. आणि आम्हा तिघांचेही बाप हयातभर काळ्या रानात राबलेले. हे शेवटचं आम्हाला जास्त लागलं. म्हणून झालं ते क्रमानं लिहून ठेवतोय. आमच्याच गटातल्या नव्या पोरांना पुढच्या पावसाळ्याआधी वाचायला द्यायचंय.

माणसं आणि गाड्या

आम्ही तिघं बीडचे, शाळेपासूनचे. एक वकील, एक दातांचा डॉक्टर, आणि मी बँकेत. आम्ही एकमेकांना नावानं हाक मारायचं कधीच सोडलंय. वकील, डॉक्टर आणि माझ्यासाठी ‘मॅनेजर’, जरी मी मॅनेजर नाही. थार वकिलाची, डिझेल, मॅन्युअल, फोर बाय फोर. (बीडला थार म्हणजे गाडी कमी आणि पदवी जास्त. वकिलानं मात्र तिला एकदाही फोर लो लावलेलं नव्हतं.) डॉक्टरकडे जिम्नी. ती दोन वेळा लोणावळ्याकडच्या कुठल्याशा ट्रॅकवर जाऊन आलेली, त्यामुळे आमच्यात अनुभवी म्हणजे डॉक्टर. माझ्याकडे साधी हॅचबॅक. मी त्या दिवशी पहिल्यांदाच डांबर सोडून गाडी चालवणार होतो आणि चालवणार होतो वकिलाची थार.

जागा ठरवताना एक गोष्ट आम्ही नीट केली. बालाघाटच्या डोंगररांगेत माळ भरपूर आहेत, पण कुठला वनखात्याचा आणि कुठला गायरान हे लांबून कळत नाही. पाटोदा तालुक्यातच नायगावचं मयूर अभयारण्य आहे. तिथं किंवा कुठल्याही वनजमिनीत परवानगीशिवाय चाकं घातली तर मजा संपून गुन्हा सुरू होतो. डॉक्टरच्या मामांची स्वतःची पंचवीसेक एकर बरड जमीन आहे, वर माळ, मधून ओढा, खाली काळं रान. मामा म्हणाले, “या. माळावर काय वाटोळं करायचं ते करा, खाली पिकात येऊ नका.” सातबारा मामांचा, म्हणून विषय मिटला.

विम्याचं एक वाक्य जाता जाता. आपल्याकडच्या वाहन विम्यात आयोजित शर्यत, वेगाची चाचणी असल्या वापराला संरक्षण नसतं, ते पॉलिसीवरच छापलेलं असतं. मित्रामित्रांची माळावरची फेरी त्यात बसते का, यावर वकिलानं मांजरसुंब्यापर्यंत भाषण दिलं. आम्ही रबडी मागवून त्याला गप्प केलं.

माळावरची सकाळ

सकाळ इतकी चांगली गेली की दुपारच्या घोळाचं अर्धं श्रेय तिलाच द्यावं लागेल.

आधीचे तीन दिवस संध्याकाळी पाऊस झाला होता. हत्ती नक्षत्र सरलं, चित्रा लागलं, पण परतीचा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. तरी सकाळी नवाला माळ कोरडा होता. मुरूम पाणी धरून ठेवत नाही. रात्री पडलेलं पहाटेपर्यंत खाली जिरतं किंवा वाहून जातं. पायाखाली लाल-तपकिरी खडा करकर वाजत होता.

डॉक्टरनं आधी चाकांतली हवा कमी करायला लावली, बत्तीसवरून बावीसवर. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांब पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं, आणि दगडावर चाक उसळायच्या ऐवजी त्याला मिठी मारतं. मग फोर लो. यात गिअरची ताकद साधारण अडीच पट वाढते आणि वेग तेवढाच उतरतो. पहिल्या गिअरला क्लच सोडला की गाडी बैलासारखी आपल्या चालीनं निघते. ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता. मला ही गोष्ट पटायला अर्धा तास लागला. वीस वर्षं उतारावर ब्रेक दाबणाऱ्या माणसाला “दोन्ही पाय उचल आणि गाडीला उतरू दे” हे सांगणं सोपं आहे, ऐकणं नाही.

“अंगठे बाहेर काढ,” हे दुसरं वाक्य. स्टिअरिंगच्या आत अंगठा अडकवून धरलं आणि पुढचं चाक दगडाला थडकलं तर चक्र फिरून अंगठा मोडू शकतो. अंगठे कडेवर ठेवायचे, टांगा हाकताना लगाम धरतो तसं हलक्या हातानं.

एका घळीत गाडीचं पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम अधांतरी झालं. अशा वेळी साधं डिफरन्शियल सगळी ताकद ज्या चाकाला पकड नाही त्यालाच देतं. हवेतलं चाक भिरभिरतं आणि जमिनीवरचं ढिम्म राहतं. मी रेस वाढवणार तेवढ्यात डॉक्टर खालून ओरडला, “हळू! लॉक पडू दे!” मागचं डिफरन्शियल ‘खट्’ करून जुंपलं आणि गाडी वर आली. त्या ‘खट्’ आवाजानं माझी छाती दोन इंच फुगली. लॉकवरचा हा विश्वास मी दुपारी पाणंदीत नेला.

ओढाही ओलांडला. डॉक्टर काठी घेऊन आधी स्वतः उतरला, पाणी गुडघ्याच्या खाली, तळ दगडी. थारसाठी कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा सांगते, इथं तेवढं नव्हतंच. पाणी कापत चालण्याच्या वेगानं गेलो, मध्ये थांबलो नाही, पलीकडे निघालो. वकिलानं व्हिडिओ काढला. दुपारी मामांच्या शेतावर बाजरीची भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि झाडावरची सीताफळं. चार वाजता पश्चिमेला ढग चढायला लागले.

पाणंद

परतायला दोन वाटा होत्या. आलो ती, माळावरून वळसा घालून डांबरी सडक, चाळीस मिनिटांची. किंवा खालच्या अंगानं पाणंद, सरळ गावात, दहा मिनिटांत. ढग बघून आम्ही दुसरी धरली. उलट धरायला हवी होती.

पाणंदीच्या तोंडाशी पंधरा-वीस पावलांचा खडक उघडा पडलेला पट्टा आहे. तिथं गाडी उभी केली. पुढं दोन्ही बाजूंना बांध, डावीकडं छातीइतकी तूर, उजवीकडं सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान. मध्ये वाट. वाटेच्या मधोमध गवताचा उंचवटा आणि दोन्ही अंगांना ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या. वरून दिवसभर ऊन खाल्लेली माती राखाडी दिसत होती, तिच्यावर बारीक भेगासुद्धा पडायला लागल्या होत्या. एका मोटारसायकलचा ताजा माग होता.

बांधावर एक तात्या बसले होते. साठीचे, डोक्याला उपरणं. मामांचे शेजारी. त्यांनी गाड्या बघितल्या, पाणंद बघितली आणि म्हणाले, “वापसा नाई आजून. डांबरीनं जा. लांब पडल, पर पोचताल.” (वापसा म्हणजे वाफसा, पावसानंतर माती रानात शिरण्याजोगी होणं.)

वकील हसून म्हणाला, “तात्या, फोर बाय फोर आहे.”

“आसल की,” तात्या म्हणाले. “माती बी काळी हाय.”

एवढंच. त्यांनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. आपल्याकडे वडीलधारा माणूस नको ती गोष्ट एकदाच सांगतो, हे आम्हाला माहीत असायला हवं होतं.

डॉक्टर वीस पावलं चालून आला. त्याच्या बुटांच्या तळाला दोन-दोन बोटं माती थापली होती. त्यानं ती दगडावर खरवडली आणि म्हणाला, “वरून चिकट आहे, खाली टणक वाटतंय. मधला उंचवटा धरून चल, चाकोरीत उतरू नको. फोर लो, पहिला.” जिम्नी मागे खडकावरच थांबवायची आणि मी पार झालो की आणायची असं ठरलं. हा एक निर्णय नंतर देवासारखा धावून आला.

पन्नासेक फुटांवर गाडीचं मागचं अंग पहिल्यांदा हललं. घसरली असं म्हणण्याइतकंही नव्हतं. पाठीमागून कुणी हलकेच ढकलावं तसं. मी थांबलो. मागे आरशात खडक दिसत होता, पन्नास फूट. वकील शेजारून म्हणाला, “थांबू नको, रुतशील.” मी पुढं घेतली.

पुढचं फार लवकर झालं. टायरच्या खाचा मातीनं भरून गुळगुळीत झाल्या. मागचा भाग डाव्या चाकोरीकडं सरकायला लागला. मी उजवीकडं स्टिअरिंग मारलं, चाकं वळली, गाडी वळली नाही. रेस दिली. मागचं डिफरन्शियल ‘खट्’ करून लॉक झालं, सकाळचाच तो लाडका आवाज, आणि दोन्ही मागची चाकं एकदम घसरून गाडी अख्खीच्या अख्खी डाव्या चाकोरीत उतरली. मी घाबरून अजून रेस दिली. डावं पुढचं चाक बांधावर चढलं, तुरीच्या दोन ओळी आडव्या झाल्या, मग तेही खाली आलं. काचेवर चिखलाचा सडा. चार चाकं फिरत होती आणि गाडी जागेवर खाली खाली बसत होती. शेवटी एक मऊ धप्प. डिफरन्शियलचा गोळा आणि चासी मधल्या उंचवट्यावर टेकली होती.

मागून तात्यांचा आवाज आला. “बसली का पोटावर?”

सुटका, आधी आमची पद्धत

वकिलाकडे ऑनलाइन मागवलेला एक टोइंगचा पट्टा होता, दोन्ही टोकांना लोखंडी हूक. पट्टा जेमतेम तीस फुटांचा. मग जिम्नी खडकावरून सत्तर-ऐंशी फूट आत, आमच्या मागे आणली, सावकाश. ती हलकी, बाराशे किलोच्या घरातली, म्हणून उंचवट्यावर टिकली. पट्टा जिम्नीच्या पुढच्या आणि थारच्या मागच्या हुकाला लावला. डॉक्टरनं पट्टा ताणून ओढ दिली. काही नाही. दुसऱ्यांदा त्यानं पट्टा थोडा ढिला सोडून झटका मारला.

फट्ट आवाज झाला. थारकडचा हूक उघडून सुटला आणि पट्ट्यासकट जिम्नीकडं उडाला. बॉनेटवर आदळून त्यानं पेरूएवढा पोचा पाडला. वकील तेव्हा जिम्नीच्या बाजूला, हातभर अंतरावर मोबाईल धरून उभा होता. व्हिडिओत हूक दिसत नाही, एक काळी रेघ दिसते फक्त. तो व्हिडिओ आम्ही कुणाला पाठवला नाही.

वकील मटकन बांधावर बसला. त्यानंतर त्या दिवशी त्यानं एकही विनोद केला नाही.

इथं थोडं सविस्तर सांगतो, कारण अशा फेऱ्यांत माणसं जातात ती बहुधा इथं. ओढायचा साधा पट्टा ताणला जात नाही. चालू गाडी सपाट रस्त्यावरून न्यायला तो ठीक. झटक्यानं काढायला नायलॉनचा लवचिक दोर लागतो, जो ताणून ताकद साठवतो आणि सावकाश परत देतो. ताण न घेणाऱ्या पट्ट्याला झटका दिला की सगळा जोर सर्वात कच्च्या जागी जातो. आमच्या बाबतीत ती जागा हूक. आणि जोर किती लागणार होता याचा हिशोबच केला नव्हता. ठोकताळा असा आहे की चाकं बुडेपर्यंत चिखलात गेलेली गाडी ओढायला साधारण तिच्या वजनाइतकी ओढ लागते, त्याहून खोल गेली तर दुप्पट. थार पावणेदोन टनांच्या आसपास. ओल्या काळ्या मातीवर उभी बाराशे किलोची जिम्नी तेवढी ओढ देऊच शकत नाही. तिची स्वतःची चाकं आधी घसरणार. म्हणजे पट्टा धड असता तरी जमलं नसतं. फक्त हूक सुटला नसता.

मग फावडं. ते जिम्नीत एकच होतं, घडीचं, खेळण्यातलं वाटावं असं. पाऊण तास चाकांपुढची माती उकरली. काळी माती फावड्याला चिकटते, फावड्यावरून हाताला, हातावरून कपाळाला. मी बाभळीच्या फांद्या तोडून चाकाखाली घालायला आणल्या, तेव्हा तात्या पहिल्यांदा चिडले. “काहून टायर फोडतो रे? काटे हायती की!”

सव्वासहाला अंधारलं.

आणि मग तात्यांची

तात्यांचा ट्रॅक्टर गावाकडच्या बाजूला, घरापुढं उभा होता, मागे दोन ट्रॉल्या जोडून. दिवाळीनंतर ऊस वाहतुकीला कारखान्यावर जायचा, ऊसतोड टोळीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, वाटून झालेली. त्यांनी पोराला फोन केला. ट्रॉल्या सोडून, डांबरीनं वळसा घालून ट्रॅक्टर यायला तास गेला. पाणंदीतून तो आणायचा विचारही त्यांनी केला नाही. स्वतःचा ट्रॅक्टर, स्वतःचं गाव, स्वतःची पाणंद, तरीही वळसा.

ट्रॅक्टरवर दोन गोष्टी आल्या : विहीर खोदायच्या यारीची लोखंडी वायर रोप, दीडशे फुटांची, आणि सात-आठ बारदानं. तात्यांनी तरुणपणी दहा-बारा वर्षं यारीवर काढलेली. त्यांनी ट्रॅक्टर खडकाच्या पट्ट्यावरच उभा केला, मागची चाकं टणकावर. मातीत एक इंच आत आणला नाही. वायर रोपचा फास थारच्या मागच्या ओढायच्या कड्याला बोल्टच्या कडीनं बांधला; हूक कुठंही नाही. जिम्नी आधीच मागं घेतली होती.

मग ओली करून दोन बारदानं वायरवर मध्ये टाकली. मी विचारलं, कशाला. “तुटली तर साप होती ती,” तात्या म्हणाले. “बारदानानं खाली पडती.” यारीवर माणूस विहिरीत असतो, वायर तुटली तर वर-खाली दोन्हीकडं जीव जातात, तिथून आलेलं हे शहाणपण. नंतर कळलं की ऑफ-रोड करणारे दोरावर टाकायला खास वजनाची चादर विकत घेतात, त्याच कामासाठी. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना लिंबाच्या झाडामागं, वायरच्या लांबीपेक्षा लांब पाठवलं. गाडीत फक्त मी.

ओढायच्या आधी त्यांच्या पोरानं पंधरा मिनिटं खोऱ्यानं काम केलं. आम्ही चाकांच्या पुढची माती उकरली होती. त्यानं गाडीच्या पोटाखालची काढली. मागच्या चाकांमागं उतार केला आणि त्यात कापसाच्या गेल्या सालच्या पऱ्हाट्या आडव्या घातल्या. चिकट मातीत बसलेली गाडी नुसती जड नसते, तिला मातीनं खालून धरून ठेवलेलं असतं. ती पकड सुटेपर्यंत सगळा जोर वाया.

“गेर न्यूटल. चाक सरळ. आन् पाय लांब ठिव,” मला सूचना आली. “तू काय बी करू नको.” दिवसभरातली सगळ्यात उपयोगी सूचना हीच.

ट्रॅक्टर पहिल्या लोला, झटका न देता, वायर ताणत गेला. वायर कुरकुरली. दहा सेकंद काहीच झालं नाही. मग खालून ओल्या कातड्यासारखा आवाज आला आणि गाडी मागं सरकली. ज्या चाकोरीतून गेलो त्याच चाकोरीतून, आलो त्या दिशेला. आम्ही मात्र बाहेर काढायचं म्हणजे कुठूनही वर काढायचं असं धरून बसलो होतो. सव्वाशे फूट यायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

कुठं बिघडलं

नंतरच्या आठवड्यात डॉक्टरच्या दवाखान्यात, शेवटचा पेशंट गेल्यावर, आम्ही बसून यावर बोललो. वकिलाचं म्हणणं, टायर चुकीचे होते, चिखलाचे असते तर निघालो असतो. असेल. चिखलाच्या टायरच्या खाचा मोठ्या असतात, माती फेकतात. पण गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, म्हणजे नऊ इंचाला कमी. चाकोरी मी नंतर मोजली. खोल जागी चौदा इंच होती. पोट टेकणारच होतं. डॉक्टरचं म्हणणं, गिअर चुकला. फोर लो पहिल्यात चाकाला इतका जोर मिळतो की ओल्या मातीत ते फिरतंच. दुसरा किंवा तिसरा घ्यायला हवा होता. हे खरं आहे, आणि चूक त्याचीच होती, आणि त्यानं ते कबूल केलं. लॉकचंही तसंच. खडकात अधांतरी चाक असताना लॉक तारतं. घसरड्या, बाजूला कललेल्या वाटेवर दोन्ही चाकं एकत्र जुंपली की दोन्ही एकत्र घसरतात आणि मागचं अंग उतारानं खाली जातं. सकाळच्या ‘खट्’नं मला उचललं, दुपारच्यानं पाडलं.

पण माझ्या मते या सगळ्याच्या आधी खेळ संपला होता, खडकाच्या पट्ट्यावर.

आम्ही सकाळभर माळावर जे शिकलो ते मुरमाचं शिक्षण होतं. तोच पाऊस, तीच रात्र, अर्ध्या किलोमीटरचं अंतर. पण जमीन वेगळी. बालाघाटचा सगळा खडक बेसॉल्टचा. तो झिजून जी माती होते तिचा बारीक, चिकण भाग उतारानं वाहून खाली साचतो आणि वर भरड मुरूम राहतो. खाली साचलेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याच्या थरांमध्ये पाणी शिरतं, माती फुगते, भेगा मिटतात, आणि एकदा भेगा मिटल्या की पाणी खाली जायला वाट उरत नाही. वरचा पापुद्रा उन्हानं एका दिवसात राखाडी होतो, खाली चार बोटांवर लोणी असतं. मोटारसायकल त्या पापुद्र्यावरून जाते. आम्ही मोटारसायकलचा माग पुरावा धरला. डॉक्टरच्या बुटाला थापलेली माती हाही पुरावा होता, तो त्यानं दगडावर खरवडून टाकला.

वाफसा हा शब्द आम्हा तिघांनाही लहानपणापासून पाठ. पावसानंतर रानात कधी शिरायचं, हे तो शब्द ठरवतो. ना चिखल, ना कोरडं. औत घातलं तर माती मोकळी सुटते, बैलाच्या खुराला चिकटत नाही. माझे वडील मूठभर माती दाबून गोळा करायचे आणि कमरेच्या उंचीवरून सोडायचे. फुटला तर वाफसा. नुसता चपटा झाला तर घरी. वाफशाआधी औत घातलं तर रानाची घडी मोडते, ढेकळं पडतात, सालभर ती भोगावी लागतात. हे मला माहीत होतं. गाडीत बसल्यावर ते माहीत असणं कुठं गेलं, हे मला सांगता येत नाही. कदाचित फोर बाय फोरचा दांडा हातात असला की माणूस जमिनीकडं बघत नाही. वकिलानं “फोर बाय फोर आहे” म्हटलं तेव्हा मी गालात हसलो होतो, ते मला आठवतं.

पन्नास फुटांवर गाडी पहिल्यांदा हलली तेव्हा मागं घेतली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. माळावर थांबून, उतरून, चालत बघून मग पुढं, असं प्रत्येक अडथळ्याला आम्ही केलं. पाणंद आमच्या लेखी अडथळा नव्हती, घरी जायचा रस्ता होती. थकलेले, ढगांना भ्यालेले, आणि खेळ संपला असं धरून चाललेले. हूक सुटण्याचं मूळही तिथंच आहे. अंधार पडायच्या आत निघायचं म्हणून झटका मारला.

नंतर

चाकांत हवा भरून निघालो. मांजरसुंब्याच्या पुढं सत्तरच्या वर गेलं की स्टिअरिंग थडथडायला लागलं. वकिलानं ॲक्सल वाकला असं धरून तोंड पाडलं. दुसऱ्या दिवशी धुलाईवाल्यानं रिमच्या आतून एकेका चाकातली ओंजळ-ओंजळ वाळलेली माती काढली आणि थडथड गेली. चाकांचा तोल बिघडला होता, बाकी काही नाही. धुलाईवाला म्हणाला, रेडिएटरच्या जाळीतून पण निघाली, तिथं राहिली असती तर इंजिन तापलं असतं.

तात्यांनी पैसे घेतले नाहीत. डिझेलचेही नाही. दोन हजार पुढं केले तर हात मागं घेतला. “मपल्या तुरीचं सोडा,” म्हणाले. “पर ह्या वाटंनं रोज दुधाच्या गाड्या जातेत, पोरं साळंत जातेत. तुमी केलेली चाकोरी आता वाळली की दगड व्हती. पुढच्या पावसापस्तोर तशीच ऱ्हाती. ती बुजवा.”

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या हिशोबात नुकसान म्हणजे जिम्नीचा पोचा, पट्टा, धुलाई. पाणंदीसाठी गावानं काय काय केलंय ते मामांनी फोनवर सांगितलं. बांध कोरण्यावरून दोन भावांची तहसीलला तारीख, मग लोकवर्गणीतून एकदा मुरूम, २०२१ मध्ये सरकारनं शेत-पाणंद रस्त्यांची योजना आणली तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव, तो अजून ठरावच. त्या सव्वा किलोमीटरमधले सव्वाशे फूट आम्ही एका दुपारी नासवले.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याला, आम्ही पावतीचा दोन ब्रास मुरूम घेऊन गेलो. ट्रॉली भाड्याची. ती पाणंदीत आता आरामात शिरली. चाकोरी तात्या म्हणाले तशीच, आमच्या टायरच्या नक्षीसकट वाळलेली. एका जागी मोटारसायकल आडवी झाल्याची खूण, शेजारी सांडलेल्या दुधाचा वाळलेला पांढुरका डाग. तात्या कारखान्यावर गेलेले. काकूंनी कमरेवर हात ठेवून आम्हाला कामाला लावलं, “मधी नगं, कडंला वता. मधी गवत ऱ्हाऊ द्या.” बँक, कोर्ट आणि दवाखाना तीन तास खोऱ्यावर.

पाणी प्यायला थांबलो तेव्हा डॉक्टरनं तुरीच्या बांधाकडची मूठभर माती उचलली, दाबून पाहिली. गोळा होईचना, भुगा झाला. तरी त्यानं ती कमरेच्या उंचीवरून सोडली आणि खाली वाकून बघितलं.

“वापसा गेला की कवाच,” काकू म्हणाल्या. “आता भेगा पडतेल. आता बैलगाडी बी जाती.” आणि आमच्याकडं न बघता चहा ठेवायला घरात गेल्या.